आजीच्या लुगड्याचा काठ आणि हातकागद: जुन्या सामानातून घरी लग्नपत्रिका कशा कराव्या

धाकट्या भावाच्या लग्नाच्या १०८ पत्रिका मी घरी केल्या. आजीच्या नऊवारी लुगड्याचा काठ, चिंध्यांपासून केलेला हातकागद आणि तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या ट्रेडल छपाई मशीनवर छापलेला गणपती, हे त्यातलं मुख्य सामान. नंतर नात्यातल्या आणि गावातल्या आणखी तीन लग्नांसाठी हेच काम केलं. पहिल्या वेळी विचारायला कुणी नव्हतं, त्यामुळे कापड वाया गेलं, कागद वाया गेला आणि ऐन लग्नसराईत रात्री जागाव्या लागल्या. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

मी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात राहते. इथलं ऊन, इथल्या रीती आणि आठवडी बाजारात जे मिळतं ते धरूनच पुढचं वाचा.

१. आधी यादी करा, तिचे दोन भाग पाडा

आपल्याकडच्या लग्नात सहाशे-सातशे घरांची यादी सहज होते. तेवढ्या पत्रिका हाताने होत नाहीत. हात बसल्यावरही एका पत्रिकेला मला वीस मिनिटं लागतात. म्हणजे १०८ पत्रिकांना ३६ तास. रोज रात्री जेवणं आटोपल्यावर दोन तास बसलं तर अठरा रात्री गेल्या, आणि यात कापड धुणं, चिकटवायची मैद्याची खळ शिजवणं, छापखान्याच्या चकरा धरलेल्या नाहीत.

म्हणून यादीचे दोन भाग करा. ज्या घरी तुम्ही स्वतः अक्षता घेऊन जाणार आहात, उंबऱ्याच्या आत बसून चहा घेणार आहात, त्या घरांना हाताची पत्रिका. मामा, आत्या, मावशी, मोठे बाबा, व्याह्यांकडची मोठी माणसं, आईच्या माहेरचं शेजार. बाकीच्यांना त्याच मजकुराची साधी छापील पत्रिका. गावातल्या घरांना तर बहुतेक ठिकाणी तोंडीच चूलबंद आवतण असतं, म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. तिथे पत्रिकेवाचून काही अडत नाही.

हा भेद घरात आधी मोकळेपणाने बोलून घ्या. दोन सख्ख्या चुलत्यांपैकी एकाला काठाची आणि दुसऱ्याला साधी पत्रिका गेली, तर ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं. शंका आली तर त्या घराला हाताचीच द्या. यादीवर वीस पत्रिका जास्तीच्या धरा.

२. थंडीत सुरुवात करा

लग्न वैशाखात असेल तर पौषातच कामाला लागा. कापड धुणं, त्याला अस्तर लावणं, पट्ट्या कापणं ही कामं थंडीतली. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. तेव्हा खळ लावता लावता वाळते, कागद पापडासारखा वळतो आणि सकाळी शिजवलेली खळ संध्याकाळपर्यंत आंबते. कूलरच्या झोतात तर हे काम करूच नका; ओलसर हवेने कागद फुगतो आणि झोत थांबला की वेडावाकडा आखडतो.

मुहूर्त निघेपर्यंत थांबायची गरज नाही. पत्रिकेचं वरचं कव्हर आधी तयार करायचं, मजकुराचा कागद शेवटी आत बांधायचा. ही एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली तर पुढचा निम्मा त्रास वाचतो. भावाच्या वेळी तारीख आठ दिवसांनी पुढे गेली. कव्हरवर तारीख नव्हती, म्हणून फक्त आतले कागद बदलावे लागले. तारीख कव्हरवरच छापली असती तर दोन महिन्यांचं काम फुकट गेलं असतं.

३. पेटी उघडण्याआधी: कशाला कात्री लावायची नाही

जुनी टिनाची पेटी उघडली की त्यातलं सगळंच सुंदर दिसतं. पिवळा कागद, बोरूचं अक्षर, लाल शिक्के. हात सरसावतात. इथेच थांबा, कारण पत्रिका दोन महिन्यांत जुनी होते आणि कापलेला कागद परत येत नाही.

आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची (गावातल्या जन्म-मृत्यूंच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल, जन्म-मृत्यूच्या नोंदी यांना हातही लावू नका. त्यांवर जातीची नोंद असते आणि जात पडताळणीला नेमके असेच जुने पुरावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा कागद घरात असणं म्हणजे पुढच्या पोरांच्या शिक्षणाची आणि नोकरीची सोय आहे. शोभेसाठी तो कापला तर उद्या तुमच्याच घरातलं लेकरू कार्यालयांच्या पायऱ्या झिजवेल.

खरेदीखत, वाटणीपत्र, जुना सातबारा, स्टँप पेपर यांचंही तेच. मोडीतले कागद आपल्याला वाचता येत नाहीत म्हणून निरुपयोगी समजू नका. त्यात शेताची हद्द असेल, विहिरीचा हिस्सा असेल. मोडी जाणणाऱ्याकडून आधी वाचून घ्या.

जुन्या खतावणीचा कागद फार देखणा असतो. लाल कापडी बांधणीच्या त्या लांबट वह्या दुकानदारांच्या माळ्यावर अजून सापडतात. पण लिहिलेली पानं वापरू नका. कोणाच्या आजोबांकडे किती बाकी होती, ते त्यांच्या नातवाच्या हातात लग्नाचं बोलावणं म्हणून ठेवायचं का? मागची कोरी पानं घ्या, ती भरपूर निघतात.

घरातली जुनी पत्रं असतील तर मूळ पत्र तसंच ठेवा. त्यातली एखादीच ओळ स्कॅन करून वापरा, आणि लिहिणाऱ्याच्या घरच्यांना विचारून. आजीने आत्याला लिहिलेल्या एका आंतरदेशीय पत्राच्या शेवटी तिच्या अक्षरात ‘अनेक शुभाशीर्वाद’ असं होतं. तेवढेच दोन शब्द आम्ही पत्रिकेच्या मागच्या बाजूला घेतले. आत्याने ते बघितलं आणि कितीतरी वेळ पत्रिका हातातच धरून बसली.

४. काय घ्यायचं आणि कुठे मिळतं

लुगड्याचा किंवा पातळाचा काठ: मधलं अंग विरलेलं असलं तरी काठ बहुतेक वेळा शाबूत असतो, कारण तो दाट विणलेला असतो. आपल्याकडचा करवती काठ, म्हणजे करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेला, पत्रिकेवर फारच शोभतो. हिशेब असा: नऊवार म्हणजे सुमारे ८.२ मीटर. दोन्ही बाजूंचे काठ धरून १६.४ मीटर. एका पत्रिकेला १२ सेंटिमीटरची पट्टी लागली तर १३६ पट्ट्या होतात. विरलेला, फाटलेला, डाग पडलेला भाग सोडून शंभर ते एकशेदहा हाती लागतात. एका लुगड्यात मुख्य पत्रिका होऊन जातात.

कापण्याआधी ज्यांचं लुगडं आहे त्यांना विचारा. त्या नसतील तर त्यांच्या लेकींना विचारा. मी आजीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “काप व माय. पेटीत कसर खाईन, त्याच्यापरीस पोराच्या लग्नात तं कामी येईन.” असं मोकळं बोलणं मिळालं नाही तर तो काठ नको.

काठात खरी जर असेल तर ते लुगडं बाजूला ठेवा. जुन्या खऱ्या जरीत चांदी असते. दारावर ‘जुनी जर विकत घेतो’ म्हणत येणाऱ्याला घाईत देऊ नका आणि पत्रिकेलाही चिकटवू नका.

हातकागद: सुती चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने केलेला कागद. आपल्या भागाला हा परका नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचं काम पाहत, आणि तिथल्या उद्योगांत हातकागदही होता. खादी-ग्रामोद्योगाच्या दुकानात किंवा मोठ्या शहरातल्या कागदाच्या पेठेत मागा. दीडशे ते दोनशे जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद कव्हरला योग्य. त्याहून जाड घडीवर तडकतो.

नेहमीचा ताव २२ × ३० इंचांचा असतो. उघडलेली पत्रिका ७ × १० इंच ठेवली तर एका तावात नऊ बसतात. १०८ पत्रिकांना बारा ताव, वर तीन ताव चुकण्यासाठी.

जुने ठोकळे: छापखान्यातले गणपती, कलश, सनई-चौघडा, केळीचे खांब असे जस्ताचे ब्लॉक लाकडावर ठोकलेले असतात. ऑफसेट आल्यावर ट्रेडल बंद पडले आणि हे ठोकळे कबाड्याकडे किलोवर गेले. तालुक्याच्या गावात जुना छापखाना असेल तर मालकाला भेटा. माझ्या अनुभवात ही माणसं फार आपुलकीने सामान काढून दाखवतात.

जुनी नाणी: पत्रिकेच्या कव्हरवर रुपया लावायची रीत आहेच. त्याऐवजी चार आणे लावता येतात. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११पासून चलनातून गेली आहेत. चलनातल्या नाण्याला भोक पाडू नका, ते वाकवू नका, कायद्याने ते चालत नाही. चिकटवायला कागदाचा छोटा खिसा करा. १९४३ ते १९४७च्या काळातला भोकाचा पैसा मात्र जन्मतःच भोकाचा आहे, त्यातून सूत सहज ओवता येतं. शंभर मिळणार नाहीत. आम्हाला दोन मिळाले. एक नवरीकडच्या आजीच्या पत्रिकेला ओवला आणि एक देवापुढच्या.

याशिवाय हे जवळ ठेवा: स्टीलची पट्टी, धारदार कटर आणि जास्तीची पाती, कापडाची वेगळी कात्री, घडी घालायला हाडाची किंवा सागाची गुळगुळीत पट्टी, मैदा, रुंद ब्रश, पातळ कोरा न्यूजप्रिंट कागद, पंचिंग मशीन, सुती दोरा, जाड सुई, दोन गुळगुळीत फरशा किंवा जुनी काच, दाबायला पाटा किंवा भरलेले डबे.

५. काठाला अस्तर लावा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

सुटा काठ कापून थेट कागदावर चिकटवला तर तीन गोष्टी होतात. कापलेल्या टोकाचे धागे सुटतात, खळ कापडातून वर येऊन डाग पडतो, आणि वाळल्यावर कापड आखडून कागदाला वाक येतो. माझ्या पहिल्या बावीस पट्ट्या अशाच गेल्या. नंतर एका म्हाताऱ्या बाइंडरने सांगितलं की वहीच्या पुठ्ठ्यावर लावायच्या कापडाला आधी कागदाचं अस्तर देतात. तेच करायचं.

पहिल्यांदा रंग तपासा. पांढरं ओलं फडकं काठावर दोन मिनिटं दाबून धरा. लाल आणि कुसुंबी काठ हमखास रंग सोडतात. फडक्यावर रंग उतरला तर तो काठ रिठ्याच्या थंड पाण्यात, रंग उतरायचा थांबेपर्यंत धुवा. साबण नको. थांबलाच नाही तर तो काठ खळीने लावायचाच नाही, चार टाक्यांनी शिवून लावा.

धुतल्यावर काठ सावलीत वाळवा. किंचित ओलसर असतानाच उलट्या बाजूने इस्त्री करा.

आता खळ. एक वाटी मैदा आणि पाच वाट्या पाणी. आधी थोड्या गार पाण्यात मैदा गुठळ्या न ठेवता कालवा, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. पांढरी खळ हळूहळू काचेसारखी दिसायला लागली की उतरवा. गार झाल्यावर मलमलच्या फडक्यातून गाळा. बाइंडर लोक कसर आणि उंदीर लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालतात. आपण घालायचं नाही. मोरचूद विषारी आहे, आणि पत्रिका लहान पोरांच्या हातात जाते, तोंडातही जाते. मोरचुदाचे निळसर डागही पडतात. रोजची खळ रोज करा, उरलेली फेकून द्या.

काचेवर काठ उलटा पसरा. त्यावर ब्रशने खळीचा पातळ हात द्या. न्यूजप्रिंटची पट्टी वरून ठेवून मधून कडांकडे फडक्याने दाबत जा, हवा राहू देऊ नका. काचेवरच वाळू द्या. थंडीत एक रात्र लागते. वाळल्यावर तो काठ पातळ पुठ्ठ्यासारखा सरळ सुटून येतो आणि कटरने कापला तरी एक धागा सुटत नाही. मग १२ सेंटिमीटरच्या पट्ट्या पाडा. प्रत्येक पट्टीवर नक्षी त्याच जागी सुरू व्हावी असं वाटत असेल तर मापापेक्षा नक्षीची खूण धरून कापा. पाच-सात पट्ट्या कमी निघतील, पण शंभर पत्रिका एकमेकींच्या बहिणी दिसतात.

६. रंग द्यायचा असेल तर

फाल्गुनात पळस फुललेला असतो, तेव्हा वाळलेली, झडलेली फुलं गोळा करून ठेवा. फुलं पाण्यात उकळली की केशरी-पिवळा रंग निघतो. त्यात चिमूटभर तुरटी घातली की तो उजळतो. हातकागदाच्या नुसत्या कडांना हा रंग ब्रशने लावायचा. पूर्ण ताव बुडवू नका, कागद मऊ पडतो.

हळदीचा रंग मोहक असतो पण उन्हात उडतो, आणि साबण किंवा चुना लागला की लाल होतो. जुनेपणा यावा म्हणून चहाच्या पाण्यात कागद भिजवणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. नव्याला जुनं दाखवण्यापेक्षा जे खरंच जुनं आहे ते स्वच्छ करून लावावं.

७. मजकूर: वेळ इथे द्या

आतला कागद साधा, चांगल्या प्रतीचा, ए-५ आकाराचा घ्या. नातेवाइकांची नावं पुष्कळ असतात आणि हातकागदावर बारीक अक्षर पसरतं, म्हणून मजकूर त्यावर छापू नका.

माथा घरच्या रीतीप्रमाणे. कुणाकडे ‘श्री गजानन प्रसन्न’, कुणाकडे कुलदैवत, बौद्ध घरांत तथागत बुद्ध आणि बाबासाहेबांना वंदन करून ‘मंगल परिणय’. ज्या घरचं लग्न त्या घरच्या वडीलधाऱ्यांसमोर बसून शब्द ठरवा. तयार नमुन्यातला मजकूर जसाच्या तसा उचलला की नेमका भलत्याच रीतीचा शब्द राहून जातो.

वर-वधूची नावं आधार कार्डावर आहेत तशीच ठेवा. घरी हाक मारायचं नाव कंसात चालेल. याचं कारण शेवटच्या टप्प्यात येईल.

गावाच्या नावाला तालुका आणि जिल्हा जोडाच. वडगाव, पिंपळगाव बऱ्याच तालुक्यांत आहेत. खुर्द, बुद्रुक, रिठी हे शेपूट गाळू नका. एसटी कोणत्या फाट्यावर थांबते, तिथून मंडप किती लांब आहे, हे एका ओळीत लिहा. उन्हाळ्यात दुपारी फाट्यावर उतरलेल्या म्हाताऱ्या माणसाला ती ओळ पुरी पत्रिकेहून मोलाची वाटते. जेवणाची वेळही लिहा.

तारखेसमोरचा वार पंचांगात बघून ताडा. मजकुरातल्या सगळ्यात जास्त चुका वारात होतात.

डीटीपीवाल्याकडे मजकूर मोबाइलवरून युनिकोडमध्ये पाठवला आणि त्याने तो जुन्या फाँटमध्ये उतरवला, की रफार आणि जोडाक्षरं मोडतात. स्क्रीनवर बघून होकार देऊ नका. कागदावर छापून घ्या, घरी आणा, आणि घरातल्या तिघांना वाचायला द्या. त्यातलं एक माणूस नात्यागोत्याची खडान्‌खडा माहिती असलेलं हवं. आमच्या घरी मोठी आई चष्मा लावून बसली आणि दिवंगत काकाजींच्या नावामागे ‘स्व.’ राहिलेलं तिनेच धरलं. डीटीपीवाल्याला ते कळायचं काहीच कारण नव्हतं.

८. छपाई

चालू ट्रेडल मिळाला तर त्यासारखं सुख नाही. शिश्याचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, किंवा जस्ताचा ब्लॉक मऊ हातकागदात रुतून जो ठसा पडतो तो बोटाला लागतो. कागद आदल्या रात्री किंचित दमट फडक्यात ठेवला तर शाई अधिक नीट बसते. फक्त गणपती आणि ‘शुभविवाह’ एवढंच खिळ्यांनी छापा. पूर्ण मजकूर जुळवायचा म्हटलं तर हल्ली खिळे जुळवणारा कंपोझिटरही मिळत नाही आणि खणातले खिळेही पुरत नाहीत. एखादी वेलांटी झिजलेली असते, एखाद्या अक्षराचा एकच खिळा उरलेला असतो.

खिळ्यांत शिसं असतं. हाताळल्यावर हात साबणाने धुवा, लहान मुलांना खेळायला देऊ नका आणि ते सामान स्वयंपाकघरात आणू नका.

मशीन नसेल तर ठोकळा घरीही उमटवता येतो. ठोकळा रॉकेलच्या बोळ्याने पुसून घ्या, छोट्या रूळाने छपाईची शाई पातळ लावा, वर कागद ठेवा आणि जाड स्टीलच्या चमच्याच्या पाठीने सगळीकडून घासा. पहिले दहा-बारा ठसे फिके किंवा डागाळलेले येतील, त्यासाठी रद्दी कागद वापरा. शाई वाळायला दोन दिवस द्या. एकमेकांवर रचायची घाई केली की मागच्या बाजूला गणपतीचे डाग पडतात.

तिसरा मार्ग स्क्रीन प्रिंटिंगचा. पिशव्या आणि बॅनर छापणारे हे काम करतात आणि खरबरीत कागदावर ते चांगलं उठतं. आजीचं अक्षर आम्ही याच पद्धतीने घेतलं. घरच्या इंकजेटवर हातकागद घालू नका, शाई फुटते. लेझरची छपाई नखाने खरवडली तरी निघते.

९. जुळणी

घडी घालायच्या रेषेवर आधी सागाच्या पट्टीने हलकी चीर ओढा, मग घडी घाला. काठाच्या पट्टीला मागून खळ लावून ती घडीपासून अर्धा इंच सोडून चिकटवा. दहा-दहा पत्रिका मधे कोरा कागद घालून फरशीखाली रात्रभर दाबा. त्यानंतरच आतला कागद ठेवून घडीत दोन भोकं पाडा आणि हळदीत भिजवून पूर्ण वाळवलेलं सूत ओवून बाहेर गाठ मारा. सूत ओलं राहिलं तर आतल्या मजकुरावर पिवळे डाग येतात.

एकट्याने करू नका. एकाने चीर ओढावी, एकाने खळ लावावी, एकाने दाबावं. खळीचे हात असलेल्याने छापील बाजूला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम ठेवा. आमच्या ओसरीवर आत्या, दोन चुलत बहिणी आणि आजी अशा पाच रात्री बसलो. आजीला सुई दिसत नव्हती, ती गाठी मारत होती.

पाकिटावर लाखेची मोहोर लावायची हौस असेल तर खरी लाख वापरा. मेणबत्तीच्या मेणाची मोहोर मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत वितळते आणि खालच्या दहा पत्रिका चिकटून बसतात. हे माझ्या बाबतीत झालं आहे. आपल्या पळसावर आणि कुसुमाच्या झाडावर लाख होते, ती अधिक उष्णता सोसते.

१०. हळद-कुंकू, अक्षता आणि वाटप

चारही कोपऱ्यांना हळद-कुंकू लावायची रीत असेल तर कोपरे कोरे ठेवा, काठ तिथपर्यंत नेऊ नका. कुंकू कोरडंच लावा. ओलं कुंकू हातकागदात पसरतं आणि सबंध बाजू लाल होते. अक्षता पाकिटात सुट्या टाकू नका, खतावणीच्या कोऱ्या पानाची छोटी पुडी करा.

पहिली पत्रिका देवापुढे, मग मामाकडे, मग बाकीच्यांकडे. आपापल्या घरचा क्रम असतो, तो आधी विचारून घ्या.

टपालाने पाठवायच्या असतील तर एक पूर्ण तयार पत्रिका पोस्टात नेऊन वजन करून घ्या. पत्राचा दर २० ग्रॅमच्या टप्प्याने वाढतो आणि कापड लावलेली पत्रिका पहिला टप्पा सहज ओलांडते. तिकीट कमी पडलं तर घेणाऱ्याला दंड भरावा लागतो. नाणं किंवा लाखेची मोहोर असलेली पत्रिका टपालात टाकू नका, हातानेच पोचवा. जुनी, शिक्का पडलेली तिकिटं आत शोभेला लावायला हरकत नाही, पण पाकिटाच्या बाहेर लावू नका. वापरलेलं तिकीट पुन्हा टपालासाठी लावणं गुन्हा आहे.

११. चार पत्रिका बाजूला काढा

विवाह नोंदणीच्या अर्जासोबत वयाचे पुरावे, राहण्याचा पुरावा, फोटो, साक्षीदारांची ओळखपत्रं यांच्याबरोबर लग्नपत्रिकाही मागतात. पत्रिका नसेल तर प्रतिज्ञापत्र करावं लागतं. खेड्यात ही नोंदणी ग्रामपंचायतीत होते. नाव आधारशी जुळायला हवं म्हटलं ते यासाठीच. तिथे काठाची पत्रिका देऊ नका, ती फाइलीला टाचून, भोक पाडून जाते. साध्या छापील पत्रिकेच्या दोन प्रती द्या.

काठाच्या दोन पत्रिका घरी ठेवा, एक वरपक्षाकडे आणि एक वधूपक्षाकडे. आतल्या पानावर पेन्सिलीने लिहा: लुगडं कुणाचं, कोणत्या साली घेतलं, कोणत्या गावच्या बाजारातून. आमच्या पत्रिकेवर आजीने सांगितलं ते मी लिहिलं आहे, आणि खाली तिने स्वतःचं नाव घातलं आहे. सुती फडक्यात गुंडाळून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ती पेटीत ठेवली आहे. पाला दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत बदलायचा.